हार्ट फेल्युअरची चार औषधे : नाशिकमधल्या एका घरातून केलेले परीक्षण

सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, मेटोप्रोलॉल सक्सिनेट, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन ही चार औषधे आमच्या इंदिरानगरच्या घरात वर्षभराहून अधिक काळ रोज घेतली जात आहेत. ती घेतात माझे वडील, म्हणजे आमचे नाना. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचे हृदय हळूहळू अशक्त होत गेले, म्हणजेच त्यांना हार्ट फेल्युअर झाले. गोळ्या आणणे, डबीत भरणे, रक्ताचे रिपोर्ट जपून ठेवणे ही जबाबदारी माझ्याकडे आहे. शिवाय मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात येणारा प्रत्येक रेणू कुठून आला आणि तो उपयोगी पडतो हे कोणी, कसे सिद्ध केले, याचा शोध घेतल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ही चार औषधे म्हणजे गेल्या चाळीस वर्षांतली वैद्यकाची फार मोठी कमाई आहे, आणि त्यांच्या किमतीही आता मध्यमवर्गीय घराला पेलतील इतक्या खाली आल्या आहेत. पण योग्य औषध योग्य मात्रेपर्यंत वाढवत नेण्यासाठी जी देखरेख लागते, ती आपल्याकडे अजून लंगडी आहे. म्हणून औषधांना पाचपैकी पाच तारे देताना मला जराही संकोच वाटत नाही, देखरेखीला मात्र दोनच्या वर देववत नाहीत. कोणती गोळी कोणाला आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. इथे लिहितो आहे तो एका घराचा अनुभव आणि त्या अनुभवामागचे विज्ञान.

नानांच्या पहिल्या टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इजेक्शन फ्रॅक्शन २८ टक्के आले. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती रक्त बाहेर फेकले जाते त्याचे हे प्रमाण असते. निरोगी माणसात ते साधारण ५५ ते ७० टक्के असते, आणि ४० किंवा त्याखाली गेले की या चार औषधांचा विचार सुरू होतो. आकडा समजण्याआधीच लक्षणे दिसत होती. दुसऱ्या मजल्यावर येताना नाना दोनदा थांबत, तीन उशा घेतल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे, आणि घोट्यावर बोट दाबले की पडलेला खळगा बराच वेळ तसाच राहत असे.

यामागची गोष्ट अशी आहे की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोहोचू लागले की शरीर त्याचा अर्थ पाणी कमी पडले असा लावते. मग मीठ आणि पाणी धरून ठेवणारी, रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरके स्रवू लागतात, ॲड्रेनॅलिनच्या जातीची द्रव्ये हृदयाला अधिक जोराने धडधडायला लावतात, आणि ज्याला उसंत हवी त्याच हृदयावर जास्तीचा ताण येतो. जखमेतून रक्त गेले किंवा उन्हातान्हात पाणी मिळाले नाही, तर हीच यंत्रणा जीव वाचवते. अशक्त हृदयाच्या माणसात मात्र ती महिनोन्‌महिने चालूच राहते आणि हृदयाचा स्नायू ताणून, जाड करून, त्यात तंतू माजवून त्याचा कस घालवते.

हे उमजायला वैद्यकाला फार वेळ लागला, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. हृदय कमी जोराने आकुंचन पावते आहे तर जोर वाढवणारे औषध द्यावे, असा सरळ विचार बराच काळ प्रचलित होता. मिलरिनोन हे असेच जोर वाढवणारे औषध. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस नावाच्या चाचणीत, गंभीर हार्ट फेल्युअरच्या १,०८८ रुग्णांपैकी काहींना ते पोटातून आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देण्यात आली, तेव्हा मिलरिनोन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त निघाले. थकलेल्या बैलाला चाबूक मारला तर तो चार पावले धावतो खरा, पण गाडीतले ओझे उतरवले तरच तो गावापर्यंत पोहोचतो. नानांच्या डबीतली चारही औषधे ओझे उतरवणारी आहेत. 'घेतल्यावर बरे वाटते' एवढ्या बळावर हृदयाचे औषध खरे मानू नये, हा धडा त्या काळातल्या चाचण्यांनी शिकवला, आणि म्हणूनच या क्षेत्रातल्या नव्या औषधाला हजारो रुग्णांवर, वर्षानुवर्षे, मृत्यू आणि रुग्णालयातली भरती मोजून दाखवावी लागते.

चौघांत सर्वांत महाग आणि माझ्या मते सर्वांत देखणा रेणूंचा जोड म्हणजे सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन. त्याची वंशावळ ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषापर्यंत जाते. त्या विषातल्या पेप्टाइडांचा, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्यांचा, अभ्यास करता करता स्क्विब कंपनीतल्या मिगेल ऑन्डेटी आणि डेव्हिड कशमन यांनी कॅप्टोप्रिल हे रक्तदाब उतरवणारे औषध घडवले, आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच कुळातल्या एनालाप्रिलने १९८७ च्या कन्सेन्सस चाचणीत अतिगंभीर रुग्णांचे सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आणले. यानंतर पंचवीस-तीस वर्षे एनालाप्रिल, रामिप्रिल ही मंडळी उपचाराच्या केंद्रस्थानी राहिली. नानांनाही आधी रामिप्रिलच होते.

पुढचा विचार असा होता की ताणलेले हृदय स्वतःच काही उपकारक पेप्टाइडे सोडते, ती मीठ-पाणी बाहेर टाकायला आणि रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतात. मात्र नेप्रिलायसिन नावाचे एक विकर (एन्झाइम) त्यांचा लगेच चुराडा करते. त्या विकराला सॅक्युबिट्रिल रोखून धरते. अडचण एवढीच की रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनचाही निकाल तेच विकर लावत असते, म्हणून नुसते ते विकर अडवून भागत नाही आणि सोबत अँजिओटेन्सिनचा परिणाम रोखणारे व्हॅलसार्टन जोडावे लागते. व्हॅलसार्टनऐवजी रामिप्रिलसारखे औषध सोबत दिले तर ब्रॅडिकिनिन नावाचे द्रव्य साचून ओठ, जीभ, घसा यांना जीवघेणी सूज येऊ शकते. ओमापॅट्रिलॅट नावाचे एक आशादायक औषध याच सुजेमुळे मागे पडले. याच कारणाने रामिप्रिल बंद केल्यावर निदान ३६ तास गेल्याशिवाय ही नवी गोळी सुरू करत नाहीत. हे ३६ तास आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल शाईने लिहून दिले आणि उरलेली रामिप्रिलची पट्टी घरात ठेवू नका म्हणून बजावले, याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

२०१४ मध्ये पॅराडाइम-एचएफ चाचणीत आठ हजारांहून अधिक रुग्णांवर या जोडीची तुलना थेट एनालाप्रिलशी केली गेली. नुसत्या खोट्या गोळीशी तुलना करून जिंकणे त्या मानाने सोपे असते. इथे सिद्ध औषधाशी गाठ होती, आणि तरीही हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा धोका २० टक्क्यांनी कमी झाला. या चाचणीत भारतातले रुग्णही होते, ही मला मोलाची गोष्ट वाटते. मात्र स्त्रियांचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते, आणि ही उणीव या क्षेत्रातल्या बहुतेक मोठ्या चाचण्यांना लागू आहे. हृदयाचा आजार बायकांना होत नाही अशातला भाग नाही; त्यांना तपासायला उशिरा आणले जाते आणि चाचणीत तर त्याहून कमी घेतले जाते.

वापरण्याचा अनुभव सांगायचा तर पहिले दोन आठवडे नानांना उठताना किंचित घेरी येई. वरचा रक्तदाब शंभराच्या आसपास राहू लागला, तेव्हा ओळखीच्या एका डॉक्टरांनी 'बीपी एवढे खाली चालले आहे, ही गोळी बंदच करा' असा सल्ला दिला. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र नानांना उभे करून, चालवून, पुन्हा रक्तदाब मोजला आणि सांगितले की चक्कर येत नसेल, लघवी नीट होत असेल तर नुसता आकडा पाहून ही गोळी सोडायची नाही. सूज उतरली आहे, तेव्हा लघवीची गोळी निम्मी करून बघू. तसे केल्यावर घेरी थांबली. या एका निर्णयामुळे औषध टिकले. अशक्त हृदयाचे कितीतरी रुग्ण नेमक्या याच वळणावर औषधाला मुकत असतील, असे मला राहून राहून वाटते.

आता या गोळीची एक गैरसोय सांगतो, आणि ती औषध कंपन्यांनी मनावर घ्यावी अशी आहे. एकाच ताकदीची गोळी एका कंपनीच्या पट्टीवर '५० मिग्रॅ' म्हणून येते, तर दुसरीच्या पट्टीवर '२४ मिग्रॅ / २६ मिग्रॅ' असे छापलेले असते. तसेच १०० आणि ४९/५१ हे एकच, २०० आणि ९७/१०३ हेही एकच. घराजवळच्या दुकानात नेहमीची कंपनी नव्हती म्हणून दुसरीची पट्टी मिळाली, तेव्हा त्यावरचे २४ आणि २६ पाहून नानांना वाटले की मात्रा निम्मी झाली, आणि ते दोन गोळ्या घ्यायला निघाले होते. दुकानदाराने दिलेला तुकडाही असा कापलेला होता की त्यावर औषधाच्या नावाचा शेवटचा अर्धा भाग तेवढा उरला होता, अंतिम तारीख आणि बॅच नंबर दुसऱ्या तुकड्याबरोबर गेले होते. तेव्हापासून मी महिन्याची औषधे गोळे कॉलनीतून आणतो. नाशिकची ही औषधांची घाऊक पेठ गर्दीची आहे, गाडी लावायला जागा मिळत नाही. पण तिथे अख्खी पाकिटे मिळतात, एकाच कंपनीचे औषध सातत्याने मिळते आणि बिलावर बॅच नंबर येतो. हृदयाच्या रुग्णासाठी हे सातत्य सवलतीपेक्षा महत्त्वाचे आहे.

मेटोप्रोलॉलबद्दल थोडक्यात सांगता येईल. हे बीटा ब्लॉकर कुळातले औषध हृदयाची गती आणि जोर दोन्ही कमी करते, म्हणून अशक्त हृदयाला ते मुळीच देऊ नये असे एके काळी शिकवले जाई. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग येथे फिन वागश्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये याच्या उलट निरीक्षण मांडले, आणि ते मान्य व्हायला जवळजवळ पाव शतक गेले. १९९९ च्या मेरिट-एचएफ चाचणीत ३,९९१ रुग्णांमध्ये मेटोप्रोलॉल सक्सिनेटने मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी केले. पहिले काही आठवडे माणूस गळल्यासारखा होतो, नानाही झाले. फायदा नंतर, सावकाश दिसतो. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण गोळी सोडून देतो, एवढे एकच वाक्य डॉक्टरांनी या गोळीबरोबर आवर्जून द्यायला हवे.

स्पायरोनोलॅक्टोन चौघांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त लक्ष मागणारे. १९९९ सालच्याच राल्स चाचणीत १,६६३ गंभीर रुग्णांमध्ये त्याने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. काही रुपयांच्या गोळीचा हा पराक्रम पाहून मी आजही थक्क होतो. त्याच चाचणीत दहापैकी साधारण एका पुरुषाच्या छातीला सूज किंवा दुखरेपणा आला होता, आणि पुरुष मंडळी ही तक्रार लाजेपोटी सांगत नाहीत. ती सांगावी, कारण त्यावर एप्लेरेनोनसारखा पर्याय आहे. खरा धोका मात्र पोटॅशियमचा. हे औषध आणि व्हॅलसार्टन दोन्ही शरीरात पोटॅशियम साचवतात, आणि ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. आमच्या आत्याने काळजीपोटी नानांसाठी 'लो सोडियम' मीठ आणून दिले होते. त्या पुडीच्या मागे बारीक अक्षरांत पोटॅशियम क्लोराइड असे छापलेले असते, कारण सोडियम कमी करण्यासाठी त्याची जागा पोटॅशियमला दिलेली असते. रक्तदाबाच्या साध्या रुग्णाला ते उपकारक ठरेल, पण या दोन गोळ्या घेणाऱ्याला ते घातक ठरू शकते. नानांचे पोटॅशियम ५.४ आले, डॉक्टरांनी ते मीठ आणि रोजचे शहाळे बंद केले, गोळी अर्धी केली, आणि पुढच्या तपासणीत आकडा ४.७ वर आला. किराणा दुकानातल्या या पुडीवर इशारा ठळक अक्षरांत आणि मराठीत छापला जावा, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.

चौथे औषध डॅपाग्लिफ्लोझिन, आणि त्याच्या जन्मकथेत मला विज्ञानाचा खरा स्वभाव दिसतो. १८३५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे कडू द्रव्य वेगळे काढले. ते दिले की लघवीतून साखर जाते हे पुढे कळले. त्या धाग्यावरून विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी मधुमेहाच्या 'ग्लिफ्लोझिन' गोळ्या तयार झाल्या. दरम्यान रोसिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधामुळे हृदयाला अपाय होतो की काय असा वाद उठला, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, सांगितले की यापुढे मधुमेहाच्या नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही हे दाखवून द्यावे. अपाय होत नाही ना, एवढेच पाहायला निघालेल्या या चाचण्यांपैकी एकीत, २०१५ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनने हार्ट फेल्युअरसाठीच्या भरती ३५ टक्क्यांनी कमी केल्या. कोणीही एवढ्या फायद्याची अपेक्षा केलेली नव्हती. मग प्रश्न आला की मधुमेह नसलेल्यांना याचा उपयोग होईल का. २०१९ च्या डॅपा-एचएफ चाचणीतल्या ४,७४४ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता, आणि आजार बिघडण्याचा किंवा हृदयविकाराने मृत्यूचा धोका सगळ्यांमध्ये मिळून २६ टक्क्यांनी घटला. मधुमेह असो वा नसो, फायदा सारखाच होता.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की नानांना मधुमेह नाही. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या त्यांच्या मित्रांनी पाकिटावरचे नाव मोबाइलवर शोधले आणि म्हणाले, "नाना, तुम्हाला शुगरच नाही, मग ही शुगरची गोळी कशाला घेता? उगाच साखर खाली जाईल." नानांनी त्या दिवशी गोळी घेतली नाही. डॉक्टरांनी नंतर त्यांना समजावले की ही गोळी एकटीने साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा खाली नेत नाही, आणि त्यांना ती दिली आहे ती हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठी. हेच चार शब्द गोळी पहिल्यांदा देताना कोणी बोलले असते तर तो खाडा झालाच नसता. दिवसातून एकदा एकच १० मिग्रॅची गोळी, मात्रा वाढवत नेण्याची भानगड नाही, रक्तदाब फारसा उतरत नाही. वापरायला चौघांत सर्वांत सोपी ती हीच. लघवीतून साखर जात असल्याने जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून तिथली स्वच्छता आणि कोरडेपणा सांभाळावा लागतो. दुसरी खबरदारी उपवासाची. नाना चतुर्थी आणि एकादशी करतात. साबुदाण्याची खिचडी, भगर, दूध असे खाऊन केलेल्या उपवासाला आमच्या डॉक्टरांची हरकत नाही. पण कडक उपवास, उलट्या-जुलाब किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा ही गोळी त्यांना विचारून थांबवायची, कारण अन्नपाण्यावाचून ती घेत राहिल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. नवरात्रात नऊ दिवस केवळ पाण्यावर राहणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

किमतीचे सांगतो. डॅपाग्लिफ्लोझिनच्या मूळ पेटंटची मुदत भारतात २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी ते आणले. सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनच्या स्वस्त गोळ्या २०२३ पासून मिळू लागल्या. एम्पाग्लिफ्लोझिनची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी एकदम दहा-बारा रुपयांवर आली. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्के झाला आहे. नानांच्या सगळ्या औषधांचे मिळून महिन्याचे बिल आता तीन हजारांच्या आसपास येते, आणि त्यातला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनचा असतो. निवृत्तिवेतन असलेल्या घराला हे जमते. पेठ-सुरगाण्याकडून नाशिकला येणाऱ्या शेतमजुराला ते आजही जमण्यासारखे नाही, आणि तिथे मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि एनालाप्रिल या जुन्या, स्वस्त गोळ्या पूर्ण मात्रेत आणि न चुकता मिळाल्या तरी फार मोठा पल्ला गाठता येईल.

आता देखरेखीकडे येतो, जिच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. नानांना पहिल्यांदा ज्या रुग्णालयात भरती केले तिथे उपचार तातडीने झाले, ऑक्सिजन आणि लघवीची इंजेक्शने देऊन दोन दिवसांत त्यांचा दम उतरवला, याबद्दल तक्रार नाही. पण डिस्चार्ज कार्डावर सगळ्या गोळ्या अगदी सुरुवातीच्या मात्रेत लिहिलेल्या होत्या आणि खाली एवढेच होते की एक महिन्याने दाखवावे. मात्रा वाढवायची आहे, पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासायचे आहे, रोज वजन करायचे आहे, यातले एक अक्षरही नव्हते. महिन्याने गेलो तर 'बरे वाटते आहे ना, मग हेच चालू ठेवा' असे सांगून पाठवले. चाचण्यांमध्ये जे फायदे दिसले ते रुग्णाला सोसेल तितकी मात्रा वाढवत नेल्यावर दिसले. सुरुवातीची मात्रा वर्षानुवर्षे चालू ठेवणे म्हणजे औषधाचा अर्धाच लाभ घेणे होय.

२०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीने नेमके हेच तपासले होते. रुग्णालयातून घरी सोडल्यापासून दोन आठवड्यांत औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेली आणि पहिल्या दोन महिन्यांत रुग्णांना वारंवार तपासले, तेव्हा सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १५.२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. त्यात नवा रेणू एकही नव्हता. होती ती फक्त आहे त्या औषधांची नेटकी अंमलबजावणी. उलट आपल्याकडचे चित्र राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत दिसते: देशभरातल्या ५३ रुग्णालयांतल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे १४ टक्के रुग्ण ९० दिवसांच्या आत दगावले, आणि शिफारस केलेली औषधे मिळणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपासच होते.

नाना आता ज्या बाह्यरुग्ण विभागात जातात तिथे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी आठवड्यातला एक दिवस राखलेला आहे, आणि तिथली खरी ताकद म्हणजे एक परिचारिका. तिने पहिल्याच दिवशी नानांना समोर बसवून सांगितले, "काका, सकाळी बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, मला फोन करायचा." दिवाळीत चकल्या, चिवडा आणि पापड जरा सढळ हाताने झाले तेव्हा वजन खरोखरच तसे वाढले, फोनवर तिने डॉक्टरांना विचारून लघवीची गोळी तीन दिवस वाढवायला सांगितली आणि भरती टळली. तिनेच आम्हाला हेही सांगितले की सॅक्युबिट्रिल घेणाऱ्याची बीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी फसवी येऊ शकते, म्हणून प्रयोगशाळेत एनटी-प्रोबीएनपी असेच मागायचे. मात्रा दर दोन-तीन आठवड्यांनी, रक्त तपासून, एकेक पायरी वाढवली गेली. दहा महिन्यांनी झालेल्या इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन ३८ टक्के आले, एका उशीवर झोप लागू लागली, आणि नाना दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता येतात. या सेवेत उणिवा आहेतच: रांग फार, बसायला जागा कमी, मराठीत छापलेले माहितीपत्रक नाही. तरी ती एक परिचारिका नसती तर सॅक्युबिट्रिलचा उत्तम रेणू ५० मिग्रॅवरच अडकून पडला असता, याविषयी मला शंका नाही.

ही चारही औषधे सुरुवातीपासून पूर्ण घेतली तर आयुष्य किती वाढते, याचा एक अंदाज २०२० मध्ये मोठ्या चाचण्यांच्या आकड्यांवरून मांडला गेला. जुन्या दोन औषधांच्या तुलनेत ५५ वर्षांच्या रुग्णाला सुमारे ६.३ वर्षे जास्त मिळतात आणि ८० वर्षांच्या रुग्णाला सुमारे १.४ वर्षे. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात गाठतो, म्हणून यातला पहिला आकडा आपल्या कामाचा आहे.

सगळीच नवी औषधे एवढी यशस्वी झाली असेही नाही. ओमेकॅम्टिव्ह मेकार्बिल हे हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनावर थेट काम करणारे औषध ८,२५६ रुग्णांवर तपासले गेले, फायदा जेमतेम ८ टक्के दिसला, मृत्यू कमी झाले नाहीत, आणि २०२३ मध्ये एफडीएने त्याला मान्यता नाकारली. एवढ्या मेहनतीनंतर नकार देणारी यंत्रणा असते, म्हणूनच ज्या गोळ्यांना होकार मिळाला त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो.

आत्याचा आजारही हार्ट फेल्युअरच, पण वेगळ्या प्रकारचा आहे. तिचे इजेक्शन फ्रॅक्शन ५८ टक्के आहे, पण हृदय ताठर झाल्यामुळे ते नीट सैलावत नाही, आणि वजन, रक्तदाब व गुडघेदुखी यांच्या जोडीला दमही लागतो. या प्रकारात वरच्या चौघांपैकी बहुतेकांनी निराशा केली. पहिला ठोस दिलासा २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने आणि २०२२ मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनने दिला. २०२३ मध्ये सेमाग्लुटाइडने लठ्ठ रुग्णांचे वजन आणि लक्षणे कमी केली, पण ५२९ रुग्णांची ती चाचणी मृत्यूबद्दल ठाम काही सांगण्याइतकी मोठी नव्हती. २०२४ मध्ये सुमारे सहा हजार रुग्णांच्या चाचणीत फिनेरेनोनने आजार बिघडण्याच्या घटना आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १६ टक्क्यांनी कमी केले आणि २०२५ मध्ये एफडीएने या प्रकारासाठी त्याला मान्यता दिली. आत्याला सध्या डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केले आहे. फिनेरेनोनही पोटॅशियम वाढवते, म्हणून ते द्यायचे की नाही हे तिचे क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे रिपोर्ट आल्यावर ठरवू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि तिच्या स्वयंपाकघरातली लो सोडियम मिठाची पुडी त्याआधीच काढून ठेवली आहे.